राखाड्याचा डावा हात

कोल्हापुरात भाड्याची खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आडनाव काय?" आडनाव कळलं की घरमालक मनातल्या मनात तुमचं अख्खं कूळ मांडून मोकळा होतो, आणि खोली मिळणार की नाही ते तिथंच ठरतं. मी जयसिंगपूरची. घरी आम्ही अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो, त्यामुळे माझ्या आडनावानंतर आणखी दोन-तीन प्रश्न हमखास येतात. मंगळवार पेठेतल्या त्या घरात मी त्यांची उत्तरं पाठ करूनच गेले होते.

घरमालक काकांनी आडनाव विचारलंच नाही. "हात पुढं करा," म्हणाले.

मला वाटलं, ज्योतिष बघतात की काय. मी तळवे वर करून हात पुढे केले.

"उलटे धरा. बोटं ढिली सोडा."

मग त्यांनी उठून पंखा बंद केला, पेपरातलं एक पान सुटं करून माझ्या दोन्ही हातांवर अलगद ठेवलं आणि खाली वाकून त्या पानाच्या कडेकडे बघत बसले. भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एक अनोळखी म्हातारा माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर श्वास रोखून बसलेला, आणि मी हातावर पेपर घेऊन पुतळ्यासारखी उभी. पान काही हललं नाही.

"झ्याक," ते म्हणाले. "खोली तुमची. किल्ली घ्या."

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, आजच्या आज घरी ये. पण घरी मी पुण्याच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करते हे तिला कधी काम वाटलंच नव्हतं. मीटिंगच्या मध्येच ती मला भाकऱ्या थापायला उठवायची. विक्षिप्त घरमालक परवडला म्हणून मी राहिले.

काका चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. अंगानं काडी, आवाज मात्र मैदानात पुकारा करणाऱ्याचा. वडील त्यांचे नावाजलेले पैलवान. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबांचं नाव पेठेत अजूनही निघायचं, पण निघालं की बोलणारे एकमेकांकडे बघून गप्प व्हायचे. घरात काका आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलगी दातांची डॉक्टर, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. कोल्हापूरच्या बऱ्याच मुलींसारखी तीही स्वतःबद्दल "आलो, गेलो" असंच बोलायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली.

काकांच्या एकेक तऱ्हा होत्या. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते बाहेरच्या सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खडूनं एक वर्तुळ काढायचे. डाव्या हातानं, एका दमात. सुरुवात आणि शेवट जिथे मिळतात तिथे डोळे बारीक करून बघायचे आणि मग पायानं पुसून टाकायचे. घरी कुणीही आलं, अगदी गॅसवाला आला तरी, त्याला पाणी देताना भरलेला तांब्या आणि रिकामं फुलपात्र हातात द्यायचे. पाणी ज्यानं त्यानं ओतून घ्यायचं आणि काका त्या धारेकडे बघत उभे राहायचे. गल्लीत त्यांना अर्धवट म्हणत. मीही पहिले काही दिवस तसंच म्हणत होते.

मग माझं लक्ष भिंतीवरच्या फोटोंकडे गेलं. आबा, आबांचे भाऊ, काकांचा थोरला भाऊ. कुणी हात पाठीमागे बांधलेले, कुणी खुर्चीच्या आड घेतलेले. आबांचा एक जुना फोटो तर फ्रेम करतानाच कोपरांच्या वर कापून घेतला होता. ह्या घरातल्या पुरुषांना हातच नव्हते असं वाटावं. त्या दिवसापासून मी जिना चढताना फोटोंकडे बघायचं टाळायला लागले.

आमची खरी ओळख झाली ती गेमवरून. मी कॉलेजपासून एक ऑनलाइन गेम खेळते. जगभरातली माणसं त्यात एकेक पात्र घेऊन उतरतात, गट करतात, लढाया करतात. मी कानाला हेडफोन लावून वरच्या खोलीत ओरडत असायची. एकदा काका जिन्यातूनच म्हणाले, "आवो, ती पुलावरची लढाई चाललीय नव्हं? डावीकडनं येणाऱ्यावर ध्यान ठेवा."

मी हेडफोन काढून खाली गेले. काकांच्या टेबलावर मुलीचा जुना कॉम्प्युटर, आणि त्यावर तोच गेम. आधीच्या भाडेकरूनं त्यांना शिकवला होता. एवढंच नाही, तर माझ्याच गटात "मास्तर" नावानं जो खेळायचा आणि बोलताना सगळ्यांचे कान किटवायचा, ते हेच. कोल्हापूर, इचलकरंजी, कबनूर, कुरुंदवाड अशा आमच्याच भागातल्या लोकांचा तो गट होता.

ह्या गेममध्ये सुरुवातीलाच एक जमात निवडावी लागते. इंग्रजी नावं कोण घेत बसणार, म्हणून गटानं आपली नावं पाडली होती. आडदांड, ताकदवान, पण हळू चालणारे ते डोंगरे. पाण्यात पोहणारे ते मासोळे. आणि राखेच्या रंगाचे, सडपातळ, अंधारात दिसणारे ते राखाडे. कुठल्या जमातीला काय येतं आणि काय येत नाही हे जन्मापासून ठरलेलं. ते असावं की नसावं यावर गटात कायम वाद असायचा. माझं मत सरळ होतं. फरक हवाच. सगळ्या भाज्यांना एकच मसाला घातला तर स्वयंपाक करायचा कशाला? काका म्हणायचे, "फरक असू दे. पर सुरवातीलाच सांगा, मग खेळाय लावा." हे त्यांचं पालुपद होतं. गेमच नाही, लग्नं, नोकऱ्या, शाळेतल्या परीक्षा, सगळ्यावर त्यांचं हेच एक वाक्य असायचं.

ते स्वतः राखाडा घ्यायचे. का, ते त्यांनी मला एका दुपारी दाखवलं.

"बसा. काय बी करू नका. नुसतं बघा."

पडद्यावर त्यांचा राखाडा एका दगडी चौकात उभा होता. काकांनी माउसवरून हात काढून घेतला. गेममधलं पात्र नुसतं उभं ठेवलं की ते जरा श्वास घेतं, मान वळवतं, हे मला माहीत होतं. आम्ही दोघं बघत बसलो. खोलीत पडदे ओढलेले. घड्याळ सोडलं तर आवाज नाही.

"आता," काका हळूच म्हणाले.

राखाड्याच्या डाव्या हाताची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मनगटापासून सगळा हात थरथरायला लागला, जरा वेळ थरथरत राहिला आणि थांबला. राखाडा समोर बघत होता, आपल्या हाताचं त्याला काही माहीत नसल्यासारखा.

"आबांचा हात," काका म्हणाले. "डिट्टो. आधी करंगळी, मग बाकीचं. ज्यानं कुणी हे काढलंय, त्यानं आबास्नी कुठं बघितलं असंल हो?"

मी काहीतरी हसण्यावारी नेलं आणि वर आले. इतकी वर्षं मी हा गेम खेळत होते, पण कुठलंही पात्र नुसतं उभं करून बघत बसायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी नवा राखाडा तयार केला आणि वाट बघत बसले. त्याचीही करंगळी हलली. मी लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी चहाचा कप धरलेल्या माझ्याच हाताकडे मी कितीतरी वेळ बघत होते. भीती वाटली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

गच्चीवर कपडे काढताना मी डॉक्टरताईला हे सांगितलं. ती हसली नाही. कपड्यांचे चिमटे डब्यात टाकत तिनं सगळं सांगून टाकलं.

"एका मोठ्या मैदानात आजोबांनी जिंकत आलेली कुस्ती घालवली. समोरच्याला कमरेत धरून वर उचलला होता. लोक उभे राहिले. आणि त्यांचा डावा हात आपोआप उघडला. पुढच्या क्षणी तेच खाली. लोक म्हणाले, पैसे खाल्ले. कुस्ती विकली. तालमीतला त्यांचा फोटो उतरवून माडीवर भितीकडं तोंड करून ठेवला, तो अजून तसाच हाय. मग त्यांचा हात हलायला लागला, तर लोक म्हणाले दारू. मग त्यांच्या भावाचा हात गेला. मग माझ्या मोठ्या काकांचा. मी कॉलेजात शिकायला लागलो तवा कळलं. हे रक्तातनं येतंय."

"आणि काका?"

"बाबांचं वय बाकीच्यांचे हात गेले त्याच्या पुढं गेलंय. म्हणून तर आशा हाय. बाबांना नसंल तर माझा इषयच मिटला. असंल तर मला असायची शक्यता निम्मी."

"रक्त तपासून कळतं ना?"

"कळतं की. बाबा म्हणत्यात, माझा हातच सांगंल. आणि मला सकाळी दवाखाना उघडून लोकांच्या तोंडात ड्रिल धरायची असती. मी कळून घेऊन काय करू?"

मग डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "आबांचं नाव साफ करायचं म्हटलं तर सोपं हाय. बाबांनी तालमीत जाऊन एवढंच सांगायचं की आमच्या घरात हात जातो, जन्मानंच जातो. पर सकाळी सांगितलं की संध्याकाळपर्यंत पेठभर झालं. मग माझ्या खुर्चीत तोंड उघडून कोण बसंल?"

तेव्हा मला खडूचं वर्तुळ कळलं. रोज सकाळी काका आपल्या मुलीसाठी एक दिवस मागून घेत होते. आणि हेही कळलं की ज्या दिवशी ते वर्तुळ चुकेल, त्या दिवशी त्यांचा बाप निर्दोष सुटणार होता.

यानंतर कबनूरच्या पोराचं प्रकरण झालं. तो यंत्रमाग दुरुस्त करायचा, रात्रपाळी करून दुपारी खेळायला बसायचा. त्याचाही राखाडा. एका महत्त्वाच्या लढाईत पुलाचं तोंड राखायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ऐन वेळी त्याच्या पात्राच्या हातातला भाला गळून पडला. पूल गेला, गट हरला. सगळे त्याच्यावर तुटून पडले. समोरच्या गटाला फितूर झालास, मुद्दाम भाला टाकलास म्हणाले. तो शपथा घेत होता, "मर्दा, मी बटण दाबून धरलंतं. आपोआप पडला." कुणी ऐकलं नाही. त्याला गटातून काढलं.

"आपोआप पडला" हे शब्द ऐकले आणि काका खुर्चीतून उठले. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. रोज दुपारी राखाड्याला लाकडी पुतळ्यापुढे उभं करायचं, एकच वार पुन्हा पुन्हा मारायला लावायचा आणि वाट बघायची. मला शेजारी बसवायचे, साक्षीदार म्हणून. अंधारलेल्या खोलीत लाकडावर भाला आपटल्याचा तोच तो आवाज. मी एकदा म्हटलं, "काका, पुरे आता." ते म्हणाले, "पडंल. जन्मानंच असंल तर पडंलच."

आणि एका दुपारी पडला. काही कारण नसताना राखाड्याचा डावा हात उघडला आणि भाला दगडावर वाजला. काकांनी टाळी वाजवली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

त्याचं चित्रीकरण गटात गेलं, तिथून गेमच्या कंपनीकडे गेलं. कंपनीनं दोन ओळींत कबूल केलं. हो, ही त्या जमातीची जन्मजात खोड आहे, खेळाला रंगत यावी म्हणून ठेवली होती, सांगायची राहून गेली. गटानं कबनूरच्या पोराची माफी मागितली आणि त्याला मानानं परत घेतलं. काका आठवडाभर गल्लीत छाती काढून हिंडत होते. मला वाटलं, आता हे कुठल्याही दिवशी तालमीत जाणार.

पण त्यानंतर कुणीही राखाड्याला लढाईत घेईना. कुणी वाईट बोलायचं नाही. नुसतं म्हणायचे, "भावा, ह्या टायमाला जागा न्हाय." एका दुपारी कबनूरचा पोरगा काकांना म्हणाला, "काका, मी फितूर होतो तवा लोक शिव्या तरी देत होते. आता कीव करत्यात. शिव्या बऱ्या होत्या की." त्यानं आपलं पात्र पुसून टाकलं आणि डोंगरा घेतला.

काकांनी कॉम्प्युटर बंद केला. पुढे कंपनीनं सगळ्या खेळाडूंना विचारलं, जमातीमुळे पडणारे फरक ठेवायचे की काढायचे? गटात दणकून वाद झाला. कुरुंदवाडची एक मुलगी म्हणाली, "फरकच काढला तर जमाती ठेवायच्या कशाला? नुसतं कातडं बदलाय?" मी तिच्या बाजूनं होते. काका म्हणाले, "काढा. समदं काढून टाका."

"काका, तुम्हीच म्हणत होता की सुरुवातीला सांगा आणि मग खेळायला लावा."

"सांगितल्यावर काय हुतंय ते बघितलं की," ते म्हणाले.

शेवटी कंपनीनं फरक काढले. सगळ्या जमाती सारख्या झाल्या. पण चित्र बदलायला त्या लोकांना वेळ झाला नसावा. राखाडा नुसता उभा असला की त्याचा हात थरथरायचा तो थरथरायचाच. फक्त भाला आता कधी पडत नव्हता. काकांना हे फार आवडलं. ते राखाड्याला तसाच उभा करून ठेवायचे आणि जेवणं झाली की त्याच्यासमोर येऊन बसायचे. "हे बेस झालं," म्हणायचे. "हलंना का बापडा." घरात तिसरं माणूस राहायला आल्यासारखं झालं होतं. मी खाली गेले की नकळत आधी त्याच्याकडे बघायची, आणि तो समोर कुठंतरी बघत असायचा.

श्रावणाच्या तोंडावर सोप्यातली फरशी सकाळी कोरडी आणि स्वच्छ दिसायला लागली. खडू कोनाड्यात तसाच. काकांना विचारलं तर म्हणाले, "आता वय झालं वाकायचं." पण तांब्या-फुलपात्रही बंद झालं होतं. पाहुण्यांना आता मी किंवा डॉक्टरताई भरलेला पेला देत होतो. गेममध्ये ते मला माउस धरायला लावायचे, चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून. आणि डावा हात कायम मांडीवरच्या शालीखाली. डॉक्टरताईला काही कळलं होतं का, मला माहीत नाही. ती जेवायला घरी यायची, वाढायची, जेवायची आणि परत जायची. बापाच्या हाताकडे ती एकदाही बघायची नाही, आणि तेच मला खटकायचं.

नागपंचमी जवळ आली तसे तालमीचे वस्ताद घरी आले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण दारातून आला तर उजेड अडला. तालीम रंगवायला काढली होती. आखाड्याच्या पूजेच्या आधी सगळे फोटो परत लागणार होते. काका दिवाणावर शाल घेऊन बसले होते, मी कॉम्प्युटरपाशी, डॉक्टरताई चहा आणायला आत.

वस्ताद म्हणाले, "आबांनी माझ्या हाताला धरून मला मातीत उतरवलं. त्या मैदानात मी कडंला उभा होतो. मला कवा पटलंच न्हाय. पर मला न पटून काय उपेग? नवी पोरं माडीवर गेली की इचारत्यात, ह्यो कोण, ह्येचं तोंड भितीकडं का? मी आता किती दिवस हाय? तू त्येचा ल्योक. तू सांगशील तसं मी चार माणसांत सांगतो. आबांनी कुस्ती विकली का? व्हय का न्हाय, एवढंच."

डॉक्टरताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. काकांनी वर बघितलं ते तिच्याकडे. शाल जराशी हलली. ती बाजूला करून हात दाखवायचा अवकाश, की आबा सुटले असते. तोंडानं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. वस्तादांनी तो हात ओळखला असता.

"विकली," काका म्हणाले.

वस्ताद पुढं वाकले. "तुझ्या तोंडानं सांगतोस?"

"व्हय. घरात आदल्या दिवशी बोलणं झालतं. मी ऐकलंतं. पोरगा व्हतो, बोललो न्हाय." वर्गात शिकवताना लागावा तसा खणखणीत आवाज होता त्यांचा.

डॉक्टरताईनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि ती बापाच्या डाव्या बाजूला अगदी चिकटून बसली. वस्तादांच्या देखत तिनं आपला उजवा हात शालीखाली सारला आणि काकांचा हात धरला. शाल थांबली. वस्तादांनी चहाला हात लावला नाही. उठले, कोनाड्यातल्या देवाला नमस्कार केला, भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे न बघता बाहेर पडले. गल्लीत त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

काकांनी मला म्हटलं, "दार लोटा." मी दार लोटून परत आले तेव्हा काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरताई रडत नव्हती. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती, शांतपणे, पापणी न हलवता, उजवा हात अजून शालीखालीच.

शाल पुन्हा हलायला लागली. एका कडेनं, हळूहळू. मी नजर दुसरीकडे वळवली. मला वाटलं, बिचाऱ्यांना आता तरी मोकळं बसू द्यावं.

मग काकांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला दोन्ही हात शालीबाहेर काढले. शाल तरीही हलत होती.